भरलेलं भांडं

पाहुणा दारात आला की आधी पाणी, मग चौकशी. एवढं तरी कलावतीला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून १९८७ च्या डिसेंबरात जर्मनीहून मराठी शिकायला आलेली काट्रिन भिवंडीतल्या तिच्या घराचा उंबरा ओलांडते न ओलांडते तोच कलावतीने घासूनपुसून लख्ख केलेल्या भांड्यात माठातलं पाणी पुढे केलं. पोरीने भांडं दोन्ही हातांनी घेतलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं, "आभारी आहे" म्हणाली आणि भांडं तसंच भरलेलं तिपाईवर ठेवून दिलं.

कलावतीची कानशिलं तापली.

कलावती सरकारी दवाखान्यात नर्स. लस टोचायला ती गावोगाव हिंडायची. काही घरांत तिच्या हातची सुई चालायची, पण तिला चहा यायचा तो कानतुटक्या कपात, आणि तो कप ओट्याखाली वेगळा ठेवलेला असायचा. अशी नजर तयार झालेल्या बाईला न प्यालेलं पाणी दिसायला चष्मा लागत नाही.

तिने नवऱ्याला, दामूला, स्वयंपाकघरात ओढलं. दामू कॉलेजात ग्रंथपाल. सहा महिने पोरीला घरी ठेवून घ्यायची हौस त्याचीच. विमानतळावरून आणायला गाडी मात्र कॉलेजच्या कमिटीवरच्या दाजींची. वळ गावचे दाजी, मोठे जमीनदार. गाडी त्यांची म्हटल्यावर वाटेत त्यांच्या बंगल्यावर उतरणं आलंच.

"दाजीकडं काय घेतलं तिनं?"

"जेवली की. आणि दोन शहाळी प्यायली. दाजींच्या बायकोनं, सीताबाईंनी, स्वतः दिली."

"मंग आपल्या घरचं पानी कडू हाय?"

"अगं, दमली असंल."

"दमलेलं मानूस पानी आधी पितं. आपन कोन ते सीताबाईनं घातलंय तिच्या कानात. दाजींना सांग, संध्याकाळी गाडी पाठवा. जिथलं पानी चालतं तिथंच ऱ्हाऊ दे तिला."

दामू चपला चढवून फोन करायला बाहेर पडला.

कलावतीने स्टोव्हवर चढवलेलं चहाचं आधण उतरवून ठेवलं. पाणी नको, तर चहा कशाला? आपण होऊन अपमान करून घ्यायचे दिवस गेले, असं तिने स्वतःला बजावलं आणि वालाच्या शेंगा सोलायला स्वयंपाकघराच्या दारातच बसली, म्हणजे पोरगी नजरेसमोर राहील.

पोरगी शहाण्यासारखी वही उघडून बसली होती. मधूनच ओठांवरून जीभ फिरवायची. दोनदा तिने भांड्याकडे पाहिलं, एकदा स्टोव्हकडे. मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट चालली होती आणि तिथून उडत आलेली कापसाची तूस भांड्यातल्या पाण्यावर बसली. कलावतीने तेही पाहिलं. उठली मात्र नाही.

पाच वाजता गाडीचा हॉर्न वाजला. कलावतीने पोरीची बॅग उचलून दाराशी ठेवली. वाटलं होतं, मन हलकं होईल. झालं नाही. मग ती बोललीच.

"आमचं पानी चालत न्हाय, तर तोंडावर सांगायचं व्हतं. आमाला सवय हाय."

काट्रिन गोंधळून उभी राहिली. पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने पुढे केला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आमच्या प्राध्यापिका बाईंनी लिहून दिलं आहे. पहिला महिना न उकळलेलं पाणी पिऊ नये. शहाळं चालेल. चहा चालेल."

कलावतीने कागद घेतला नाही. पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या, असं बारा वर्षं गावोगाव ओरडून तिचा घसा बसला होता. हसावं की तोंड लपवावं, तिला कळेना.

"मंग चहा मागायचास ना गं, पोरी!"

"तुम्ही विचारलं नाही," काट्रिन म्हणाली. "आणि दुसऱ्याच्या घरी मागून घ्यायचं नसतं, असं आम्हाला शिकवलं आहे."

कलावती पाटावर बसली. मागायचं नसतं. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं, माहेरी, अंबाडी गावच्या विहिरीवर, रिकामी कळशी पायाशी ठेवून. पाणी ओढायचा हक्क नव्हता. कुणा बाईला दया येईपर्यंत कडेला उभं राहायचं. आई दुपारच्या दुपार उभी राहायची. त्या बायांची तोंडं कलावती अजून विसरली नव्हती. आज त्यांच्या जागी ती स्वतः बसली होती, शेंगा सोलत.

दामू दारात आला. "गाडी थांबलीय. बॅग घेऊ?"

"ऱ्हाऊ दे बॅग. गाडीला जाऊ दे."

तिने स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं. काट्रिन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कलावतीला मागे वळून तिच्याकडे बघवेना.

"लई तहान लागली व्हती?"

"हो," काट्रिन म्हणाली. "आल्यापासून."