सुमिएची रेशमी पट्टी

कायोकोच्या दुकानातल्या वस्तू शेजघरातल्या, त्यामुळे जपानमधल्या कानाझावा शहरातल्या त्या गल्लीत सुरुवातीला बरीच नाकं मुरडली गेली. पण रेशीम विणणाऱ्यांना ती पुरता मोबदला द्यायची आणि कोणी काय नेलं ते मेली तरी सांगायची नाही, म्हणून हळूहळू तोंडं बंद झाली. वापरून झालेल्या वस्तू लोक तिच्याकडेच परत आणत, कचऱ्यात टाकायला मन होत नसे. वर्षातून एकदा देवळातले भिक्षू मंत्र म्हणून त्यांना अग्नी देत.

त्या सकाळी सत्तरीचे तोकुजी आले आणि त्यांनी दोरीनं बांधलेली लाकडी पेटी टेबलावर ठेवली. "बायको गेली माझी. तिच्या कपाटात होती ही. जाळून टाका."

गाठ कायोकोनंच मारलेली होती. वसंतात त्यांची बायको सुमिए ही पेटी न्यायला आली होती, उपचारांनी केस गेलेले, डोक्याला रुमाल.

"उघडून पाहिलीत?"

"कशाला? माझ्यासाठी असती तर दिली असती की! दोन वर्षं मी बाहेरच्या खोलीत झोपलो, तिला त्रास नको म्हणून. एकटी पडली असेल बिचारी. कोणीतरी भेटलं असेल. असू दे. आता काय भांडायचं तिच्याशी!"

कायोकोला खरं माहीत होतं. सांगावं तर दुकानाचा शब्द मोडतो, गप्प बसावं तर हा भला माणूस उरलेलं आयुष्य हेच धरून बसणार. मग तिनं चक्क एक नियम रचला.

"न वापरलेल्या वस्तूला आम्ही निरोप देत नाही, तोकुजीसान. आधी उघडून दाखवावी लागते."

"काय कटकट आहे हो तुमची!" म्हणत त्यांनी गाठ सोडली.

आत डोळ्यांवर बांधायची रेशमी पट्टी होती, कडेला 'तोकुजी' असं नाव धाग्यानं भरलेलं. खाली सुमिएच्या हातची चिठ्ठी: 'आत झोपायला या ना. माझं डोकं मात्र बघायचं नाही.'

त्यांनी ती दोनदा वाचली.

"दाराबाहेरच तर होतो गं," ते चिठ्ठीलाच म्हणाले. "हाक मारायचीस की, वेडे."

त्यांनी पट्टी पुन्हा पेटीत ठेवली आणि दोरी बांधायला घेतली. गाठ काही त्यांना जमली नाही.

"ही वापरलेली नाही," ते म्हणाले. "मग हिला निरोप द्यायला मी आता कधी येऊ?"