मंजुळाची फोडणी

"बाबुरावकाका, तुमचा पंखा एकदा बघून जा. तो लागल्यापासून काकूंच्या डाळीची पार वाट लागलीय," साकेतचा फोन आला तेव्हा बाबुराव कल्याणला एका हॉटेलच्या गच्चीवर धूर बाहेर नेणाऱ्या डक्टचा पत्रा ठोकत होता. हातातलं काम तसंच टाकून तो रिक्षाने डोंबिवलीच्या एमआयडीसीत आला. दुसऱ्या कुणाची तक्रार असती तर उद्यावर गेली असती. पण ही त्याच्या पंख्याची तक्रार होती, आणि त्याच्या बायकोचीही.

साकेतचं किचन म्हणजे एक मोठी शेड. आसपासच्या कंपन्यांचे जेवणाचे डबे तिथून जात. मंजुळा साकेतच्या वडिलांच्या काळापासून तिथे डाळ-भाजी करत होती. तेव्हा धूर जायला एकच खिडकी होती आणि तीही अर्धीच उघडायची. मिरची तेलात पडली की सगळ्या बायका पदरात तोंड खुपसून खोकायच्या. मंजुळाचा खोकला तर घरापर्यंत सोबतीला यायचा. बाबुराव आयुष्यभर ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोकांच्या भटारखान्यांतला धूर बाहेर काढत हिंडला, आणि त्याची स्वतःची बायको मात्र धुरात उभी. हे त्याला फार लागायचं. साकेतच्या मागे लागून लागून शेवटी त्याने तिथे हूड बसवला. चुलींच्या रांगेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चकचकीत स्टील, वर जाडजूड डक्ट आणि छतावर दणदणीत पंखा. एवढ्या निगुतीने त्याने स्वतःचं घरही कधी रंगवलं नव्हतं.

आत आल्या आल्या त्याने कागदाची सुरळी पेटवून विझवली आणि हूडखाली धरली. धूर इकडे तिकडे न बघता सरळ वर गेला.

"पंखा तर मस्त ओढतोय की."

"मग घोडं पेंड खातंय कुठे?" साकेतने आवाज खाली आणला. "काल डाळ करपली. त्याच्या आधी भाजीत लसूण जळलेला. एका कंपनीने डबे परत पाठवले, काका. काकूंना बोलायला मला जड जातं. पण असंच चाललं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

मंजुळा पाठमोरी उभी होती. तिने ऐकलं असणारच, पण मान वळवली नाही. तिने पातेल्यात तेल घातलं, मोहरी टाकली आणि मग लसूण. पूर्वी ती चुलीपासून हातभर लांब उभी राहून गप्पा मारता मारता फोडणी करायची. विहारातल्या कार्यक्रमाला गावजेवणाएवढी डाळ करताना बाबुरावने तिला असंच पाहिलं होतं. आज ती पातेल्यावर इतकी वाकली होती की तेल उडालं तर तोंडावरच आलं असतं. लसूण लाल झाला. मग तपकिरी झाला.

"मंजुळे, लसूण बघ."

"थांबा हो. अजून कच्चा आहे."

"अगं, काळा पडला."

तिचा हात जागच्या जागी थांबला. शेजारी कांदा चिरणाऱ्या अक्षदाने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यावरून बाबुरावला कळलं की ही गोष्ट या किचनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त नवऱ्याला सोडून. हल्ली तांदूळ निवडायला मंजुळा शेजारच्या सान्वीला बोलवायची. रस्ता ओलांडताना त्याचं कोपर घट्ट धरायची. त्याला आपलं वाटलं होतं, उतारवयात बायकोचं प्रेम वाढलंय.

त्याने गॅस बंद केला आणि तिला मागच्या दाराने बाहेर नेलं. सिलिंडरच्या जाळीपाशी दोघं उभी राहिली.

"कधीपासून दिसत नाही?"

"दिसतं की. धुरकट दिसतं." ती पदराला हात पुसत राहिली. "मला वाटायचं, किचनमधल्या धुराचंच असेल. तुमचा हूड लागला, सगळा धूर गेला. माझ्या डोळ्यांपुढचा तेवढा गेला नाही."

"मग इतके दिवस फोडणी कशी केलीस?"

"फोडणीला डोळे कशाला लागतात? मोहरी तडतडलेली ऐकू येते. लसूण कच्चा असतो तेव्हा त्याचा वास वेगळा, लाल झाला की वेगळा. आता डोक्यावर पंख्याचं घोंघों. आणि वास माझ्या नाकाशी यायच्या आत तुमचा पंखा घेऊन जातो."

ती हे कुरकुर म्हणून बोलत नव्हती. कुणी विचारलं म्हणून सांगावं, तशी सांगत होती. बायकोच्या छातीतला धूर काढायला गेलो आणि तिच्या हातातली पळीच काढून घेतली, असं बाबुरावला झालं.

"बोलली का नाहीस?"

"डोळ्यांचं बोलले असते तर तुम्ही ऑपरेशनला नेलं असतं. आईचं बघितलंय मी. मोतीबिंदू काढायला गेलेली, डोळाच घालवून आलेली. आणि पंख्याचं कशी बोलणार? एवढ्या हौसेने लावलेला तुम्ही."

बाबुराव आत गेला. भिंतीवरची पेटी उघडून त्याने पंख्याचा वेग अर्ध्याहून खाली आणला. घोंघों मंदावलं. "लाव परत तेल," तो म्हणाला.

मंजुळाने जळकी फोडणी बाजूला ठेवून नवं पातेलं चढवलं. मोहरी तडतडली. लसणाचा वास चुलीभोवती रेंगाळला आणि ती सरळ उभी राहिली, हातभर लांब, पहिल्यासारखी. मिरची, हिंग, हळद, सगळं वेळच्या वेळी पडलं. तिने डाळ ओतली तेव्हा लसूण नुकता लाल झाला होता. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून बाबुरावला वाटलं, जमलं. आता पंख्याचा वेग कायमचा एवढाच ठेवायचा.

तेवढ्यात अक्षदा खोकली. मग भाजी करणाऱ्या दोघी खोकल्या. एकीने पदर तोंडाला लावला. जुना धूर परत शेडभर झाला होता. मंजुळा कान देऊन ऐकत राहिली.

"वाढवा तो," ती म्हणाली.

"अगं, पण तुला..."

"वाढवा म्हणते ना. माझ्या एका डाळीपायी या पोरींच्या छात्या कशाला भरायच्या?"

बाबुरावने वेग पूर्ववत केला. मंजुळाने पळी धुतली, पुसली आणि अक्षदाच्या हातात दिली. "लसूण लाल झाला की लगेच मिरची टाकायची. फोनकडे बघत बसायचं नाही."

"काकू, मग तुम्ही?" साकेतने विचारलं.

"मी पोळ्या लाटते. पोळी हाताला कळते." ती पोळपाटापाशी जाऊन बसली आणि कणकेचा गोळा करायला लागली.

संध्याकाळी दोघं ठाकुर्लीच्या आपल्या खोलीवर आली. चहा झाल्यावर मंजुळाने विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी तुम्ही आत याल?"

"आत घेत नाहीत. दाराबाहेर बसेन."

"हलायचं नाही तिथून."

"चहाला पण उठणार नाही."

ती उठून ओट्याशी गेली. खिडकीत एक छोटा पंखा होता. लग्नानंतर बाबुरावने पहिल्यांदा घरासाठी काही केलं असेल तर तो पंखा. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. बाबुराव उठला, तो हात हळूच बाजूला केला आणि खिडकीही लावून घेतली.

"अहो, धूर होईल."

"होऊ दे."

तेल तापलं. मोहरी तडतडली आणि लसूण पडला. इवल्याशा खोलीत वास भरला, मग मिरचीचा ठसका उठला. धूर काढण्यात हयात गेलेला माणूस तोंडावर रुमाल धरून खोकायला लागला.

"बाहेर जाऊन बसा ना."

"इथेच बरं आहे."

मंजुळा मान किंचित कलती करून उभी होती. मग तिने डाळ ओतली. "लाल झालेला ना लसूण? बघा बरं."

बाबुरावने पातेल्यात वाकून बघितलं. डोळ्यांत पाणी भरलं होतं, त्यालाही काही धड दिसेना.

"लालच झालाय," तो म्हणाला.