मैदानाची शेपटी

फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड, ज्याला सगळं कॉलेज 'तोफ' म्हणायचं, त्याला शिस्त समितीने दोन वर्षांसाठी कॉलेजातून काढून टाकलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. ठराव एकमताने झाला, टाइप झाला, त्यावर पाच सह्या झाल्या, शिक्का बसला आणि शिपायाने तो सूचना फलकावर चार टाचण्यांनी लावला.

साडेअकराला फलकावर नुसत्या चार टाचण्या होत्या.

पुढे कुणी विचारलंच, तर समितीतले पाचही जण सांगायचे की अशी बैठक झालीच नाही, झाली असेल तर आपण तिथे नव्हतो, आणि असलो तर चहा प्यायला बाहेर गेलो होतो. शिपाई बिचारा सरळ माणूस, त्याला एवढं लांबलचक खोटं जमायचं नाही. तो म्हणायचा, या आठवड्यात मंगळवार आलाच नाही.

त्या वीस मिनिटांत तो ठराव ज्यांनी वाचला, ते एकटे फक्कीकाका. काका मैदान सांभाळायचे. गवत कापायचं, गोलच्या जाळ्या शिवायच्या आणि सामन्याच्या आधी पांढऱ्या फक्कीने रेघा मारायच्या, पंचवीस वर्षं हेच. दोन खुंट्या, ताणलेली सुतळी आणि फक्कीचं भोकं पाडलेलं डबडं एवढ्या भांडवलावर त्यांची रेघ अशी सरळ यायची की फळ्यावरची आकृती वाकडी झाली की गणिताचे प्राध्यापक पुसायच्या भानगडीत न पडता खिडकीतून मैदानाकडे बोट दाखवायचे.

ठराव त्यांनी दोनदा वाचला, कारण त्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा हात होता. उजवा, मनगटापासून.

बहीण ग्रंथालयात सहायक होती. गेल्या महिन्यात तोफ वाचनकक्षात टेबलांच्या मधून चेंडू खेळवत होता. तिने चेंडू उचलून कपाटात ठेवला आणि सांगितलं, सुटल्यावर घेऊन जा. तोफेला सुटेपर्यंत थांबायची सवय नव्हती. त्याने तिचा हात पिरगळला, चेंडू काढून घेतला, आणि जाता जाता 'सॉरी' म्हणाला. पण ते कपाटाला, कारण त्याचा खांदा कपाटाला लागला होता. मनगटाची दोन हाडं मोडली. अपघात नोंदवहीत मात्र लिहिलं गेलं की सदर सहायक 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' स्टुलावरून पडली. ग्रंथालयात स्टूल नव्हतं. नोंद खोटी पडू नये म्हणून दुसऱ्या दिवशी एक आणून ठेवण्यात आलं.

तिला फार काही नको होतं. तोफेला फाशी द्या असं तिचं म्हणणं नव्हतं. वहीतले ते दोन शब्द तिला खोडून हवे होते. मंगळवारच्या ठरावाने ते खोडले गेले होते, वीस मिनिटं.

बाराच्या आत काकांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. क्रीडा संचालक आधीच तिथे मांडी ठोकून बसले होते. मामला साधा होता. शनिवारी अंतिम सामना, आणि सामना संपला की तोफ एका मोठ्या व्यावसायिक क्लबात जाणार. क्लबाला फक्त एक दाखला हवा होता, की या खेळाडूने मैदानाबाहेर कधीही गैरवर्तन केलेलं नाही. प्राचार्यांनी उभ्या आयुष्यात कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना त्या दिवशी फार त्रास होत होता. क्रीडा संचालकांनी नियमावली काढली. शिस्त समितीचा अधिकार मैदानाबाहेर. मैदानात जे काही होईल, ते रेफरी बघून घेईल.

"पण ग्रंथालय मैदानात नाही," प्राचार्य म्हणाले.

"अजून नाही," क्रीडा संचालक म्हणाले, आणि काकांकडे वळले. "काका, फक्की किती शिल्लक आहे?"

काका म्हणाले, दोन पोती. मग त्यांना प्रश्न कळला, आणि दोन पोती म्हणाल्याचा पश्चात्ताप झाला. पण काका आणि बहीण राहायचे कॉलेजच्याच खोलीत, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या मागे. पाण्यात राहून माशाशी वैर धरायचं म्हणजे निदान पोहता तरी यायला हवं. काकांना रेघ मारता यायची. त्यांनी हरकत घेतली ती कामापुरतीच. म्हणाले, आयताला असा मध्येच फाटा काढला तर मैदान बरं दिसणार नाही. प्राचार्य म्हणाले, दिसण्यावर जाऊ नका. मग काकांनी लेखी मागितलं आणि त्यांना ते मिळालं. मैदानाची हद्द गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीपर्यंत समजण्यात यावी. खाली सही, शिक्का. तारीख मंगळवारची घालता येईना, कारण मंगळवार नव्हता. ती बुधवारची घातली.

बुधवारी काकांनी रेघ मारली. कोपऱ्यावरच्या झेंड्यापासून निघाली, मुख्य इमारतीच्या पायऱ्या चढली, व्हरांड्यातून सूचना फलकाखालून गेली. कार्यालयात टायपिस्टने पाय वर घेतले. जिन्याच्या बावीस पायऱ्यांवर प्रत्येक पायरीला उभी आणि आडवी अशी वेगवेगळी मारावी लागली. मग वाचनकक्ष, टेबलांच्या कडेकडेने, कपाटाला वळसा, आणि दुसऱ्या बाजूने परत. गच्चीवरून पाहिलं तर मैदानाला शेपटी फुटल्यासारखी दिसत होती.

घरी बहीण खिडकीशी बसली होती, प्लास्टर उशीवर ठेवून. तिला सगळं आधीच कळलं होतं. ग्रंथालयातल्या माणसाला बातमी कळते, फक्त ती हळू आवाजात.

"दादा, रेघ तू मारलीस?"

"मारली."

"सरळ?"

"सरळच."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "उगाच तुझं नाव नको खराब व्हायला."

काकांना जेवण गेलं नाही.

गुरुवारपासून ग्रंथालयाला मैदानाचे नियम लागू झाले. बूट नसलेल्यांना प्रवेश बंद झाला, त्यामुळे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दारातूनच परत गेले. एका वेळी बावीसपेक्षा जास्त जण वाचू शकत नव्हते. एवढे वाचक तिथे कधी जमलेच नव्हते, त्यामुळे हा नियम सगळ्यांनी आनंदाने पाळला. संघातही उत्साह पसरला. गोलकीपर येऊन काकांना विचारून गेला की कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान आत घेता येईल का. काकांनी कारण विचारलं, तर म्हणाला, कारण उद्या सांगतो.

दाखला गेला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, प्राचार्यांनी तो स्वतःच तीनदा वाचून खात्री करून घेतली. क्लबाचं उत्तरही लगेच आलं. दाखला पोचला, समाधान वाटलं, आणि जमल्यास तुमचा रेघा मारणारा माणूस हंगामापुरता आमच्याकडे पाठवावा, आमचं मैदान फार अपुरं पडतं.

शनिवारी रेफरी आले. हडकुळे, बाहेरगावचे, खिशात मोजपट्टी, आणि आयुष्यात एकदाही हसले नसावेत असा चेहरा. सामन्याच्या आधी रेफरीने पूर्ण रेघेवरून चालून यायचं असतं. बहुतेक रेफरी लांबूनच मान डोलावतात. हे चालायला लागले. कोपऱ्यावरच्या झेंड्याशी वळले, पायऱ्या चढले आणि इमारतीत दिसेनासे झाले. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले, मग बसले. पाऊण तासाने रेफरी दुसऱ्या बाजूने खाली उतरले. म्हणाले, रेघ उत्तम आहे, फक्त वरच्या कपाटाच्या कोपऱ्याला झेंडा नाही, तो लावा. लावला.

मग त्यांनी सामन्याचं पत्रक काढलं आणि मैदान सांभाळणाऱ्याला बोलावलं. पत्रकात एक रकाना असतो: सामन्यापूर्वी मैदानात काही अनुचित घडलं का? पंचवीस वर्षं काका त्यात 'नाही' सांगत आले होते. प्राचार्य दोन हातांच्या अंतरावर उभे होते. क्रीडा संचालक ढग मोजत होते. काकांनी प्रेक्षकांकडे पाहिलं. तिसऱ्या पायरीवर बहीण बसली होती, प्लास्टर मांडीवर घेऊन.

"घडलं," काका म्हणाले. "या तोफेने माझ्या बहिणीचा हात मोडला. रेघेच्या चौदा फूट आत."

प्राचार्यांच्या घशातून एक बारीक आवाज आला. क्रीडा संचालकांचे ढग चुकले. तोफ बुटाची नाडी बांधत होता, ती त्याने पुन्हा सोडून पहिल्यापासून बांधायला घेतली. मैदान आपलं आहे हे या लोकांनी पक्कं केलं होतं, पण मैदान आपलं झालं की रेफरीही पदरात पडतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आणि या रेफरींची ख्याती अशी की त्यांनी एकदा भर सामन्यात स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याला लाल कार्ड दाखवलं होतं.

रेफरींनी शांतपणे पेन उघडलं. विचारलं, चेंडू खेळात होता? काका म्हणाले, होता. मग तुमच्या बहिणीने काय केलं? काका खरं बोलण्याच्या भरात होते, आणि त्या भरात माणूस थांबत नाही. म्हणाले, तिने चेंडू उचलून कपाटात ठेवला.

"उचलून म्हणजे हाताने?"

"हाताने."

"त्या गोलकीपर आहेत?"

"ग्रंथालय सहायक आहे."

रेफरींनी मान हलवली. मग ते गवत ओलांडून पायऱ्यांपाशी गेले, तिसऱ्या पायरीपर्यंत चढले आणि बहिणीसमोर उभं राहून त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढून तिला दाखवलं. चेंडूला हात लावल्याबद्दल. प्रेक्षकांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या, कार्ड दिसलं की वाजवायच्या या हिशेबाने. हाताचं काय, असं काकांनी मागून धावत जाऊन विचारलं, तेव्हा रेफरी म्हणाले की फाऊल आधी यांचा झाला, त्यानंतर जे झालं ती चेंडूसाठीची झटापट, आणि शिट्टी त्याच क्षणी वाजली नसेल तर ती महिन्याभराने वाजवता येत नाही.

बहिणीने प्लास्टर केलेला हात दुसऱ्या हाताने उचलून ओढणीखाली घेतला, पुरावा लपवावा तसा.

सामना झाला. तोफेने तीन गोल केले. तिसऱ्या गोलनंतर तो झेंडा ओलांडून पायऱ्या चढून थेट ग्रंथालयात पळाला आणि कपाटाला मिठी मारून परत आला, आणि तेही नियमात बसलं.

तर आता हिशेब असा झाला. वहीत बहिणीच्या नावावर निष्काळजीपणा होता, पत्रकात फाऊल होता, आणि तोफेच्या नावावर करार आणि करंडक. यातला फाऊल काकांच्या तोंडाने झाला होता. रविवारी सकाळी ते बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिले, सुतळीचा गुंडा उगाचच सोडत आणि परत गुंडाळत.

"दादा," आतून बहीण म्हणाली, "त्यांनी ग्रंथालय आत घेतलं, तेव्हा कुणी विचारलं का, शक्य आहे का म्हणून?"

"नाही."

"मग एखादी वस्तू बाहेर काढायलाही हरकत नसावी." तिने प्लास्टरकडे पाहिलं. "हात बाहेर असेल, तर चेंडूला मैदानात हात लागलाच नाही. फाऊल गेला. आणि बाहेरचा हात मोडला, म्हणजे ते मैदानाबाहेरचं गैरवर्तन. समितीचं काम."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले, पोत्याच्या तळाशी राहिलेली फक्की झटकून डबड्यात भरली. तिचा हात टेबलावर पसरून ठेवायला सांगितला, बोटं जरा सुटी कर म्हणाले, आणि श्वास रोखून त्या हाताभोवती रेघ मारली. अंगठ्याच्या खोबणीशी फक्की जरा जास्त सांडली. तेवढी एक जागा सोडली तर पंचवीस वर्षांत त्यांनी इतकी चांगली रेघ मारली नव्हती.

अर्ज तिनेच लिहिला, डाव्या हाताने. ओळी तिरक्या जाऊ नयेत म्हणून काकांनी कागदावर सुतळी ताणून धरली.

*प्रति, माननीय प्राचार्य.*

*विषय: मैदानाच्या हद्दीत किरकोळ दुरुस्ती.*

*महोदय, आपल्या बुधवारच्या आदेशाने गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून मैदानाची हद्द वाढवण्यात आली आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु सदर हद्दीत माझा उजवा हात अनवधानाने आत घेतला गेला आहे. हा हात ग्रंथालयाच्या कामासाठी असून त्याचा खेळाशी कधीही संबंध आला नाही. तरी तो मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, त्याच मागील तारखेपासून, मैदानाबाहेर समजण्यात यावा. हाताचा नकाशा, प्रमाण एकास एक, आमच्या टेबलावर आखून ठेवला आहे. त्यावरून वारा जाऊ नये म्हणून खिडकी बंद ठेवली आहे, तरी पाहणीसाठी लवकरात लवकर माणूस पाठवावा, आणि येताना त्याने अपघात नोंदवही व एक खोडरबर सोबत आणावा, ही नम्र विनंती.*