साठ सेकंदांवरची नोंद

झोर्नित्सा प्लोवदिव शहरातून धरणावर चौकशीला आली तीच मुळी मनाशी निकाल लावून. म्हातारा खोटं बोलतोय. एक जुलैच्या पहाटे तीनच्या सुमारास रात्रपाळीवरच्या झाफिरकाकांनी धरणाचा दरवाजा उघडला आणि खालच्या मासेवाल्यांचे नदीतले पिंजरे वाहून गेले. काका म्हणत होते, आधी पाणी वाढल्याची धोक्याची घंटा वाजली, मग उघडला. पण झोर्नित्साने लिहिलेल्या प्रोग्रॅमने यंत्राच्या नोंदींतून काढलेल्या यादीत घंटा नव्हतीच. तसं तिने सकाळी कळवल्यावर साहेबांनी फोनवरूनच काकांना चाव्या टेबलावर ठेवायला लावल्या होत्या. एकतीस वर्षांची नोकरी होती ती.

काकांनी कॉफी दिली, घरची बनित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, पुढे केली. तिने हात लावला नाही. चौकशीला आलेल्याला खाऊ घालणारा माणूस तिला आणखीच संशयास्पद वाटला.

मग काकांनी हातनोंदीची वही उघडली. घंटा: दोन वाजून एकोणसाठ मिनिटं, साठ सेकंद. दरवाजा: तीन वाजून सात सेकंद. झोर्नित्साला हसूच आलं. लबाडी करावी, तीही धड नाही.

"काका, एकोणसाठनंतर शून्य येतं. शाळेतली पोरंही सांगतील."

"भिंतीवरच्या डिजिटल घड्याळात दिसलं ते उतरवलं. इथला नियमच तो. आपली अक्कल चालवायची नाही."

"घड्याळात साठ दिसलं?"

"दिसलं. पोरी, मला खोटंच लिहायचं असतं तर एकोणसाठ नसतं का लिहिलं?"

ते तिला खुपलं. खोटं बोलणारा पटेल असं बोलतो. तिने लॅपटॉपवर मूळ फाईल उघडली. ती धरणावरच्या यंत्रातून परस्पर सोफियाच्या मुख्य कचेरीत जाते, काकांचा हात तिथे पोचणं शक्य नाही. फाईलमध्ये घंटा होती. वेळ तीच, साठ सेकंद.

मग तिने शोधाशोध केली आणि उलगडा झाला. पृथ्वी जरा रेंगाळते म्हणून जगाच्या घड्याळात अधूनमधून एक जादा सेकंद घालतात. त्या पहाटे तो घातला होता, सहा महिने आधी जाहीर करून. तिचा प्रोग्रॅम तारीख-वेळ वाचायला जी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, वापरत होता, तिला एकोणसाठच्या पुढचं ठाऊकच नव्हतं. लायब्ररीने घंटेची ती ओळ नाकारली. आणि नाकारलेल्या ओळी गुपचूप टाकून द्या, हे झोर्नित्सानेच लिहिलं होतं. यादी स्वच्छ दिसते म्हणून तेव्हा तिला केवढा अभिमान वाटला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. ते चाव्या परत द्या म्हणाले. तिने चाव्या काकांपुढे सरकवल्या.

काकांनी त्या उचलल्या नाहीत. वही तिच्याकडे फिरवली.

"आधी लिही. इथे घडलं ते सगळं वहीत जातं."

झोर्नित्साने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ लिहिली. मग, चूक कोणाची, या रकान्यात स्वतःचं नाव.