वाडीचा लोड

वीज आली की धंदा वाढतो, की धंदा वाढला की वीज येते, हे मला कुणी नीट सांगेल तर त्याच्या घरी मी वर्षभर फुकट पापलेट पोचवीन. दाभोळच्या खाडीला लागून आमची वाडी. डोक्यावरून टॉवरच्या जाडजूड तारा जातात, कुठे जातात देव जाणे. खाली आमचे पंखे मेले आजारी असल्यासारखे फिरतात.

मी सत्यवती, मासे विकते. आमच्या बायकांच्या गटाला योजनेतून बर्फाचं मशीन मिळालं, तेव्हा माझा रूपेश नालासोपाऱ्याहून बायको दर्शना आणि पोरीला घेऊन घरी आला. तिकडे तो एसी दुरुस्त करायचा, मशीन चालवणं म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा खेळ. वाडीत दुसरं आहे कोण? तरणे ते होडीवर नाय तर मुंबईत, उरलो आम्ही म्हाताऱ्या. आल्या आल्या त्याने सांगून टाकलं, "आये, गणपतीपर्यंत थांबतो. मशीन चालू झालं तर इथेच राहीन. नाय झालं तर चाकरमान्यांबरोबर परत." तोवर नात, सानवी, माझ्या कुशीत झोपायला लागली होती. मला आणखी काय हवं होतं?

मशीनची मोटर मोठी, तिला वीज जास्त लागते. वीज कंपनीचे गुरुप्रसाद साहेब भर पावसात येऊन बघून गेले. पोरगेलासा माणूस, बोलायला गोड. म्हणाले, "मावशी, निम्म्या घरांना कुलपं आहेत. वाडीत विजेचा वापरच नाही, तर नवा ट्रान्सफॉर्मर कशाच्या जोरावर मागू? जिथे धंदा असतो तिथे वीज जाते."

"साहेब, बर्फ नाय म्हणून धंदा नाय," मी म्हटलं. "दुपारपर्यंत बांगडा मऊ पडतो, मग व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यायचा. तुम्ही वीज द्या, मग धंदा बघा."

ते हसले. हसायला काय जातं त्यांचं.

"गणपतीत या," मी म्हटलं. "तेव्हा बघा आमची वाडी."

आणि माणूस खरंच आला, गौरीजेवणाच्या दिवशी. चाकरमान्यांनी घरं भरलेली. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला तशी मी दारोदार फिरून सांगितलेलं, साहेब येतील तेव्हा विजेचं कायपण बंद ठेवायचं नाय. बायांनी मिक्सर रिकामे फिरवले, कॉइल टाकून पाणी उकळत ठेवलं. शेजारच्या येसूबाईने जन्मात लुगड्याला इस्त्री केली नाय, पण कुणाची तरी इस्त्री मागून आणली आणि लादीवर तापवत बसली. मखरांवरच्या माळा तर होत्याच. मी खांबाखाली साहेबांच्या शेजारी ऐटीत उभी होते.

साहेबांनी मीटर लावून वाडीच्या लोडचा, म्हणजे विजेच्या वापराचा, आकडा बघितला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"मावशी, नवा मिळत नाही म्हणून जुन्याच ट्रान्सफॉर्मरवर तुमचं मशीन बसवायचं मी ठरवलं होतं. तेवढी जागा शिल्लक आहे का, तेच बघायला आलो. इथे तर एक दिवा वाढवायची सोय नाही."

"अहो, हे सगळं तुम्हाला दाखवायला लावलंय," मी म्हटलं. "थांबा, बंद करायला सांगते."

"माळा आणि माणसं तर खरी आहेत ना? ती दरवर्षी येणार. त्यात मोटर चालली आणि ट्रान्सफॉर्मर जळला तर?"

"मग नवा द्या."

"नव्यासाठी वर्षभराचा वापर बघतात, मावशी."

म्हणजे नवा मागायला गेलो तर आमची वाडी रिकामी, आणि जुन्यावर जागा मागितली तर भरलेली. जळो मेला तो नियम. रूपेश बाजूलाच उभा राहून सगळं ऐकत होता. मला चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, पण तो जाऊन येसूबाईची इस्त्री बंद करून आला. गणपती गेले आणि तो बायकोला आणि सानवीला घेऊन एसटीत बसला. पोर आजी आजी करत रडत होती. मला सगळ्यांचा राग आला होता, आणि सगळ्यांत जास्त माझा.

दिवाळी झाल्यावर साहेबांचा फोन आला. घरांना पुन्हा कुलपं लागली तसा वाडीचा लोड खाली उतरला होता. त्यांनीच वरिष्ठांशी भांडून तोड काढली. मशीन जुन्या ट्रान्सफॉर्मरवर वर्षभर चालवा, फक्त गणपतीचे दिवस ते बंद ठेवायचं. बिचारा खूश होता. मी त्याला धड दोन शब्द गोड बोलले नाय, लगेच रूपेशला फोन लावला.

"आये, मी इथे नव्या कामाला लागलो गो," तो म्हणाला. "सानवीला बालवाडीत घातली. आता सुट्टी कोण देणार? एवढं कर, गणपतीपर्यंत कळ काढ. मी आलो की उभा राहून मशीन चालवतो."

"गणपतीत ते बंद ठेवायचं आहे," मी म्हटलं.