चालता सॅक्सोफोन

वरातीपुढं चालत वाजवण्यात कडूबाची उभी हयात गेलेली. आज मस्तगडात सुमेधाच्या जॅझ-हिपहॉप बँडसोबत तो पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिला आणि सॅक्सोफोनातून सूरच निघेना.

"काका, वाजवा ना," रॅप थांबवून सुमेधा पुटपुटली.

"पाय थांबले की दम थांबतो, पोरी. चालल्याबिगर जमत न्हाई."

"मंग चला."

कडूबा वाजवतच खाली उतरला. मागं माईक घेऊन सुमेधा, गळ्यात ढोल अडकवून बँडमधला सूरज, त्यांच्यामागं सगळं पब्लिक. थांबलो तर सूर जाईल, या धास्तीनं कडूबा थांबेचना. खोटं वाटेल, पण पोचले ते थेट कैक कोसांवरच्या तीर्थपुरीत. तिथल्या बायका आरतीचं ताट घेऊन धावल्या.

"नवरदेव कुठंय?"

"पुढच्या गावात," सुमेधानं तालातच सांगितलं, आणि कडूबानं पाऊल आणखी जल्दी उचललं.