पाणी अडुसष्टच्या वर

वसुधा गुप्तेचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले होते. उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो झाली, रेडिएशन झालं, आणि मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की रिपोर्ट स्वच्छ आहेत, आता एकदम सहा महिन्यांनी भेटू. संजय बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाडीला टेकून रडला. वसुधा रडली नाही. तिचं लक्ष उजव्या हाताकडे होतं. तो खांद्याच्या वर जात नव्हता.

हात वर जात नाही म्हटल्यावर संजयनं अख्खं घर खाली आणलं. वरच्या कपाटातले डाळींचे डबे खालच्या ड्रॉवरमध्ये आले, कपड्यांचा रॉड दोन फूट खाली बसला, शॉवरसुद्धा हातात धरायचा झाला. माणूस मुळात चांगला. पण मॉरिसव्हिलच्या त्या टाउनहाऊसमध्ये वावरताना वसुधाला वाटायचं, माझा हात आता असाच राहणार हे यानं परस्पर ठरवूनच टाकलंय. हे त्याला सांगणार कसं? वर्षभर तो ऑफिस सांभाळून तिच्या औषधांच्या वेळा पाळत होता. त्यामुळे ती गप्प बसायची. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायामही तिनं हळूहळू सोडून दिला.

हे तिच्या फिजिओथेरपिस्टच्या नजरेतून सुटलं नाही. जुलैच्या सुरुवातीला तिनं वसुधाला एका शिबिराची माहिती दिली. दोन दिवस, पश्चिमेकडच्या डोंगरात, नदीवर, अशा ऑपरेशनमधून गेलेल्या बायकांसाठी. शिकवणार होते फ्लाय फिशिंग. "ती दोरी फेकताना खांदा जसा फिरतो ना, तसा मला इथे फिरवता येत नाही," ती म्हणाली.

घरी हे ऐकून संजय हसला. "तू आणि मासेमारी? अगं, बीचवर तू चपला काढत नाहीस!"

"मासे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतात."

"ताटातले."

ते खरंच होतं. वसुधा अलिबागकडची, सीकेपी घरातली. बोंबील, पापलेट, सुरमई यांच्याबद्दल तिला ठाम मतं होती, आणि ती सगळी कढईपाशी सुरू व्हायची. तिनं शिबिराला होकार दिला तो माशांसाठी नाहीच. दोन दिवस कुणीतरी "दुखतंय का?" असं विचारणार नाही, म्हणून दिला.

संजयनं तिला चार तास गाडी चालवून तिथे सोडलं आणि तो जवळच्या गावातल्या मोटेलवर थांबला. नदीकाठच्या हिरवळीवर सहा बायका जमल्या होत्या. शिकवणारी लोरेन सत्तरीची, चाळीस वर्षं शाळेची बस चालवून रिटायर झालेली. तिचा आवाज बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. तिनं प्रत्येकीच्या हातात लांब, हलका रॉड दिला. दोरीच्या टोकाला एवढीशी खोटी माशी, म्हणजे पिसं आणि दोऱ्यानं गुंडाळलेला गळ.

"पकडलेला मासा परत सोडायचा," लोरेननं सुरुवातीलाच सांगितलं.

वसुधाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सोडायचा? मग पकडायचा कशाला?"

"एकदा पकड. मग तूच सांग मला."

सकाळभर वसुधानं पकडलं ते म्हणजे एक झाड, स्वतःची टोपी आणि डाव्या हाताची बाही. बाकीच्या जणी रॉड डोक्यावरून मागे नेत होत्या. दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे सोडायची. वसुधाचा हात कानाच्या बराच खाली अडकायचा, आणि दोरी गुंता होऊन तिच्याच पायांशी पडायची. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिचा खांदा ठणकायला लागला होता आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तिनं रॉड गवतावर ठेवला.

"हे माझ्यानं होणार नाही. हात वर जातच नाही."

लोरेननं रॉड उचलून परत तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "मग वर नको नेऊ. दुसरी पद्धत आहे. दोरी पाण्यावरच असू दे. रॉड सावकाश मागे आण, जिथपर्यंत येतोय तिथपर्यंतच. आता थांब. आणि आता खिळा ठोकल्यासारखा पुढे."

पहिल्यांदा काही झालं नाही. पाच-सहा वेळा काहीच झालं नाही. जेवणानंतर त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या. पाणी स्वच्छ होतं, तळाचे गोटे मोजता यावेत इतकं. लोरेननं समोरच्या काठाखालच्या सावलीकडे बोट दाखवलं. वसुधानं रॉड मागे आणला, थांबली, पुढे ठोकला. दोरी पाण्यावरून गोल गुंडाळी होत पुढे गेली, उलगडली, आणि माशी त्या सावलीच्या कडेला अलगद टेकली.

खालून एक सडपातळ आकृती वर आली. ट्राउट. ठिपक्यांची पाठ दिसली, नाक माशीपर्यंत आलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, मासा वळून पुन्हा सावलीत गेला.

"बघितलंस?" वसुधा चक्क मराठीत ओरडली. मग इंग्रजीत, "बघितलंस त्याला?"

"बघितलं. पुन्हा टाक."

तिनं पुन्हा टाकली. थोडी आखूड पडली. मासा जागच्या जागी हलला. तिसऱ्यांदा टाकणार इतक्यात लोरेननं कमरेच्या दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यातून वर काढला. दर तासाला ती तो बुडवून फॅरनहाइटचा आकडा बघत होती.

"एकोणसत्तर. बस. सगळ्यांनी बाहेर या."

"आता? तो तिथेच आहे!"

"म्हणूनच. पाणी अडुसष्टच्या वर गेलं की ट्राउटच्या वाटेला जायचं नाही. गरम पाण्यात त्यांना श्वास पुरत नाही. त्यात आपण त्याला ओढून दमवलं, तर तो सावरत नाही."

"पण आपण सोडूनच देणार आहोत ना त्याला?"

"सोडलेलाही मरतो. तू बघत नसतेस, एवढंच."

वसुधा काठावर आली, एका ओंडक्यावर बसली आणि बूट ओढून काढू लागली. ती चिडली होती. उन्हावर चिडली, लोरेनवर चिडली, एका अंशावर चिडली. दुसरा बूट काढता काढता तिच्या लक्षात आलं, आपण आज एका माशासाठी चिडलोय. वर्षभरात तिची चिडचिड कमी झाली नव्हती, पण ती सगळी सुयांवर, रिपोर्टवर, इन्शुरन्सच्या फोनवर. एखादी गोष्ट हवी होती आणि मिळाली नाही म्हणून चिडणं ती विसरूनच गेली होती.

"मला तो हवा होता," ती लोरेनला म्हणाली.

"दिसलं मला. उद्या खाली जाऊ, वीस मैलांवर. तिथली नदी रुंद आहे, पाणी पंच्याहत्तरच्या आसपास. तिथे स्मॉलमाउथ बास मासे मिळतात. त्यांना तसंच पाणी लागतं."

संध्याकाळी संजयचा फोन आला. "हात कसाय?"

"दुखतोय."

"बघ, मी म्हटलं होतं. आइस पॅक लावलास? उद्याचं कॅन्सल करू या का? मी सकाळीच येतो."

"दुपारी ये. दुपारी म्हणजे दुपारी, संजय."

तो सकाळी नऊला आला. वसुधा तेव्हा रुंद नदीच्या कडेला मांडीभर पाण्यात उभी होती, आणि मागे गाडीचं दार वाजलं ते तिनं बरोबर ओळखलं. वळून बघितलं नाही. तिच्या दोरीच्या टोकाला आज बुचाचा हिरवा बेडूक होता, रबरी पायांचा, पाण्यावर तरंगणारा. एका बुडालेल्या खडकाशेजारी तो टाकायचा, लाटा विरेपर्यंत थांबायचं आणि मग टिचकी मारल्यासारखा एकदा हलवायचा. तासाभरात तिला ते जमायला लागलं होतं.

तिनं टिचकी दिली. बेडकाखालचं पाणी फुटलं.

रॉड एवढा वाकला की तो हातातून जातोय असंच तिला वाटलं. दोरी बोटांमधून सरसरत गेली. वीस पावलांवर मासा पाण्याबाहेर उसळला, पितळेच्या रंगाचा, अंगावर उभे काळसर पट्टे, आणि डोकं झटकत परत आदळला.

"रॉड वर!" लोरेन ओरडली. "वर ठेव, नाहीतर सुटेल!"

वसुधानं रॉड वर केला. खांद्यात कळ गेली. आत काहीतरी ताणलं जात होतं, चिवट कापड ताणावं तसं. ताणलं तर चालेल, असं फिजिओथेरपिस्ट शंभरदा म्हणाली होती. आज पहिल्यांदाच वसुधानं ते मनावर घेतलं. तिनं कोपर अजून वर नेलं.

"वसू! थांब, थांब, मी आलो!"

संजय बूट-पँटसकट पाण्यात शिरला होता. शेवाळलेल्या गोट्यावर त्याचा पहिला पाय पडला, दुसरा पडलाच नाही. मोठा धप्प आवाज झाला आणि तिच्यापासून दोन हातांवर तो गळ्याएवढ्या पाण्यात बसला. चष्मा एका कानावर लटकत होता.

"रॉड दे इकडे," बसल्या बसल्या त्यानं हात पुढे केला. "तुझा हात..."

"नाही देणार! तू आधी उभा राहा!"

मासा पुन्हा उसळला. एका हातात रॉड, दुसऱ्यात दोरी, संजयला द्यायला तिसरा हात नव्हता. लोरेननं येऊन त्याला काखेत धरून उठवलं, आणि शाळेच्या मुलाला बाकावर बसवावं तसं काठावरच्या खडकावर नेऊन बसवलं. तिथून तो निथळत बघत राहिला. वसुधानं मासा जवळ आणला. तो पुन्हा पळाला. तिनं जाऊ दिला, पुन्हा आणला. शेवटी तो तिच्या गुडघ्यापाशी आला तेव्हा दोघंही दमले होते.

लोरेननं दाखवल्याप्रमाणे तिनं त्याच्या खालच्या ओठावर अंगठा ठेवला. ओठ खरखरीत होता. डोळा लालभडक. असला डोळा तिनं बाजारात कधी बघितला नव्हता, तिथे येईपर्यंत डोळे विझलेले असतात. गळ सहज निघाला. तिनं माशाला दोन्ही हातांनी प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले उघडमीट करत होते. मग एका क्षणी तो सबंध ताठ झाला, तिच्या बोटांतून निसटला, आणि पाणी पुन्हा नुसतं पाणी झालं.

"मग? कशाला पकडायचा?" लोरेननं विचारलं.

वसुधा हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लोरेननं उत्तराचा आग्रह धरला नाही. ती दुसऱ्या बाईकडे गेली.

वसुधा खडकावर संजयशेजारी येऊन बसली. त्यानं शर्ट पिळून वाळत घातला होता.

"तुझा हात कानाच्या वर गेला होता," तो म्हणाला.

"माहितीये."

"दुखला?"

"खूप." मग ती म्हणाली, "संजय, मी हाक मारली की ये. त्याच्या आधी नको येऊस."

त्यानं चष्मा काढला आणि पुसायला कोरडं काही सापडेना म्हणून हातातच धरून ठेवला. "ऑपरेशनच्या दिवशी मी सहा तास त्या खुर्चीत बसलो होतो," तो म्हणाला. "करण्यासारखं काहीच नव्हतं. इलाला फोन केला, तर पोरगी बिचारी तिकडे जर्सी सिटीत रडायला लागली, मग तिलाच समजावत बसलो. तेव्हापासून हात रिकामे राहिले की मला भीती वाटते, यार. म्हणून काहीतरी करत राहतो."

दहा महिने ती या माणसाच्या मदतीवर मनातल्या मनात कुढत होती. तो भ्यायलाय हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं डावा हात त्याच्या ओल्या पाठीवर ठेवला.

"चल, ऊठ," मग ती म्हणाली. "तुझ्या हातांना काम देते."

लोरेनकडून तिनं एक जादा रॉड मागून घेतला. त्याच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा होता, सरावाचा. काठावरच्या गवतावर संजय उघड्या अंगानं उभा राहिला, आणि तिनं त्याला सांगितलं, मागे ने, थांब, थांब म्हटलं ना, आता ठोक. गोंडा त्याच्या कानावर बसला. दुसऱ्यांदा पायात. काम करण्यात वाकबगार असलेला हा माणूस थांबण्यात अगदीच कच्चा निघाला. वसुधा पोट धरून हसली, आणि थोड्या वेळानं तोही हसायला लागला.

दोन वाजता निघायचं ठरलं होतं. साडेतीन वाजले तरी ती पाण्यातच होती. तिला आणखी एक बास मिळाला, त्याहून मोठा एक सुटला, जाताना बुचाचा बेडूकही घेऊन गेला. उजवा हात आता खरंच थकला होता, म्हणून ती खडकावर येऊन बसली. लोरेननं दुसरा बेडूक बांधायला हात पुढे केला.

"मी बांधते," वसुधा म्हणाली.

मागे गवतावरून संजयची दोरी सूं सूं करत होती. तो इकडे बघतही नव्हता. वसुधानं बारीक दोरा गळाच्या नेढ्यातून ओवला, पाच वेढे दिले, टोक मागे घेतलं. गाठ निसटली. पुन्हा दिले, पुन्हा निसटली. चौथ्या वेळी तिनं थुंकीनं दोरा ओला करून ओढला आणि गाठ बसली. दोनदा ताणून बघितली, मग ती उठून पुन्हा पाण्यात उतरली.